पहिला व्हय

माझा भाऊ कृष्णनाथ याच्याबद्दल धारगळात कोणालाही विचारा, सांगतील, 'बोलण्यात त्याचा हात कोण धरणार?' खरं आहे. हातही कोणी धरलेला नाही आणि जीभही नाही. मी विमला, त्याची थोरली सख्खी बहीण. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले, बापाने घराचे दोन भाग करून एक मला दिला, एक त्याला. मधली भिंत अर्ध्या चिऱ्याची. म्हणजे गेली तीस वर्षं मी या माणसाला भिंतीतून ऐकते आहे, आणि रोज दुपारी कानात कापूस घालून आडवी होते. तेव्हा माझ्याइतका अधिकार या विषयात दुसऱ्या कोणाला नाही.

मूर्ख माणूस आहे. सख्खा आहे म्हणून सौम्य शब्द वापरला.

नोकरी त्याची बसमधली. पेडणे ते म्हापसा खासगी बसवर तो कंडक्टर होता. कंडक्टरला बोलायला लागतंच कुठे? एक शिटी म्हणजे थांब, दोन शिट्या म्हणजे चल, पत्र्यावर थाप म्हणजे अरे बाबा, माणूस खाली राहिलं. अख्ख्या गोव्यात हीच भाषा चालते, शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही समजते. पण आमच्या कृष्णाची शिटी कायम मुठीत आणि तोंड कायम चालू. एकदा कोलवाळच्या पुलाच्या अलीकडे एक मासळीवाली चढत होती. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर, पाटी डोक्यावर. हा आत कोणाला तरी आपल्या लग्नातल्या घोटाळ्याची गोष्ट सांगत होता आणि रंगात येऊन त्याने दोन शिट्या फुंकल्या. बस हलली. बाईने पत्र्यावर थापा मारल्या, आतल्या चार जणांनीही मारल्या. याला वाटलं, लोक आपल्या गोष्टीला टाळ्या देताहेत. त्याने गोष्ट आणखी लांबवली. बाई वाचली, देवाची कृपा. बांगडे सगळे हायवेवर.

ही गोष्ट तो आजही सांगतो. विनोद म्हणून. त्या बाईने नंतर त्याला काय काय ऐकवलं ते मात्र त्याला आठवत नाही, कारण त्याने ते ऐकलंच नव्हतं.

अशा माणसाला निवृत्तीनंतर गप्प घरी बसवावं की नाही? आमच्या वाड्याने त्याला देवाशी बोलायला लावलं!

आमच्याकडे वाड्याचा राखणदार असतो. मोठं देऊळ नाही, आंब्याखाली चौथरा आणि एक पाषाण. वर्षातून एकदा सगळा वाडा तिथे जमतो, नारळ, केळी, शिरा ठेवतो, आणि एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. कोणाचं दुखणं, कोणाची नोकरी, कोणाचं अडलेलं लग्न, सगळं त्याने राखणदाराला सांगायचं. प्रत्येक वाक्यावर जमलेल्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" हे नुसतं तोंडाने म्हणायचं नसतं बरं का. वाड्याने व्हय म्हटलं की तो शब्द वाड्याचा झाला. मग तो मोडायचा नाही. आणि ज्या गोष्टीला व्हय मिळालं नाही, ती पुढे न्यायची कोणाची छाती नाही. असं आजवर झालंच नव्हतं म्हणा. व्हय कोण अडवणार? चांगलं मागताना अडवायचं कशाला?

आधीचे जाणते वारले आणि हे काम कृष्णनाथकडे आलं. गुण काय? आवाज मोठा. बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, ते असं. लोक त्याच्या कानात आपलं दुःख सांगायचे आणि तो चौथऱ्यावर चढून भलतंच बोलायचा. शेजारच्या विनिताने सांगितलं, पोराला परीक्षेत सुबुद्धी दे. याने मागितलं, पोराला परदेशी पाठव. विनिता डोळे फाडून बघतच राहिली. तोपर्यंत सगळे म्हणून मोकळे, व्हय म्हाराजा. आणि पहिलं व्हय कोणाचं? माझं. तसा नियम काही नाही, सवय आहे. माझाही आवाज मोठाच, एका बापाची आम्ही. मी व्हय म्हटलं की मागून वाडा म्हणतो. लहानपणी तो गोष्ट सांगायचा आणि मी 'हूं' भरायची, तेच पुढे चालू राहिलं. दोष त्याला देते आहे तर हेही सांगून टाकते.

आता त्याची बायको. तारा लाटंबार्श्याची, आईबापांची एकुलती. बाप लवकर गेला. आईने डोंगरावरच्या काजूंवर पोरगी वाढवली, बोंडू वेचून, रस गाळून, बिया सुकवून. तारा लग्न होऊन आली तेव्हा थोडंफार बोलायची. म्हणजे वाक्य सुरू करायची. कृष्णा ते पुरं करायचा, चुकीचं पुरं करायचा, आणि त्या चुकीच्या वाक्याला उत्तरही स्वतःच द्यायचा.

नऊ वर्षांपूर्वी, चैत्रात, लाटंबार्श्याहून शेजाऱ्याचा फोन आला. तारेच्या आईचं काही खरं नाही. कृष्णा बाल्कावात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसला होता, पंचायतीच्या कोणा मेंबराशी फोनवर गटाराची चर्चा चालली होती. तारा दारात येऊन उभी राहिली. "आवशीक बरां नाय. माका लाटंबार्श्याक जावक व्हया." याने हात हलवला. "आयकलंय गो, आयकलंय." ती आत गेली, साडी बदलून पिशवी घेऊन आली. पुन्हा म्हणाली. पुन्हा तेच, "आयकलंय." तेव्हा घरातले पैसे, गाडीची किल्ली, सगळं त्याच्या खिशात. तिसऱ्यांदा ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तो खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसला आणि गटारावर बोलत राहिला. मी भिंतीपलीकडून सगळं ऐकत होते. मी पैसे देऊ शकले असते. उठू उठू म्हणेपर्यंत दुपारची बस गेली. संध्याकाळी दुसरा फोन आला. आई गेली होती.

बाराव्या दिवसापर्यंत तारा गावच्या रीतीने जे बोलायचं ते बोलली. तेराव्या दिवशी धारगळात परत आली आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी एक शब्द बोललेली नाही. रागाने नाही, भांडून नाही. बंद करतात तसं बंद केलं. बाकी सगळ्यांशी बोलते. माझ्याशी विहिरीवर, आमोण्याला दिलेल्या लेकीशी गौरवीशी फोनवर, कोंबड्यांशीसुद्धा. त्याच्याशी नाही.

आणि याला कळलं नाही!

नऊ वर्षं! बायको बोलत नाही हे एका घरात राहून माणसाला नऊ वर्षं कळत नाही. शिरा पडो त्या तोंडावर! पण कळणार कसं? हा सकाळी उठून म्हणतो, "तारा, चाय झाली? झाली आसात. हाड बगया." चहा येतो. "साखर कमी घातलंस ना? बरां केलंस." संवाद झाला. दिवसभर असे पन्नास संवाद होतात त्या घरात, सगळे एकाच तोंडातून.

तारेने आपली वेगळी भाषा उभी केली. झाकणावर दवल्याचे, म्हणजे पळीचे, दोन ठोके म्हणजे जेवण वाढलंय, या. एक ठोका म्हणजे दारात कोणी तरी आलंय. पालथं घातलेलं भांडं म्हणजे संपलं, आता मिळणार नाही, विचारू नका. ही भाषा पुढे घराबाहेरही गेली. पाववाला पदेर सायकलवरून भोंगा वाजवत येतो, फाटकाला टांगलेली पिशवी बघतो. पिशवी सरळ म्हणजे रोजचे चार उंडे पाव, गाठ मारलेली म्हणजे आज नको. मासळीवाली परसात डोकावते, तुळशीजवळ कळशी पालथी दिसली की हाकही न मारता पुढे जाते. कळशी पालथी म्हणजे आज एकादशी किंवा तारेचं मन ठीक नाही, दोन्हींत मासळी खपत नाही. मी तर भिंतीपलीकडून नुसत्या भांड्यांवरून सांगेन आज त्या घरात काय चाललंय. वाड्यातल्या पोरीबाळींना येते ती भाषा. एका माणसाला येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण दिव्याला निदान बोलता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी महिला दिनाला पंचायतीच्या सभागृहात बचत गटाच्या बायकांसाठी व्याख्यान ठेवलं. विषय 'पती-पत्नीमधला संवाद'. वक्ते कोण? आमचे कृष्णनाथराव. मी म्हटलं, हसावं की रडावं? तारा पहिल्या रांगेत, मी तिच्या शेजारी. हा माइक धरून सव्वा तास बोलला. डोळ्यांची भाषा, हातांची भाषा, समोरच्याचं ऐकून कसं घ्यावं, सगळं. आणि शेवटी तारेकडे हात करून म्हणाला, "आता माझ्या घरचंच उदाहरण घ्या. आमच्यात एवढा समजूतदारपणा आहे की हिला बोलावंच लागत नाही. हिच्या मनातलं मला न बोलता कळतं."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या खाली बघून हसत होत्या. तारेच्या मांडीवर चहाचा रिकामा पेला होता, तो तिने हळूच पालथा केला. त्याने व्यासपीठावरून सांगितलं, "बघा, तारा लाजली!"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मध्ये तो डोंगर आला.

आईच्या मागे लाटंबार्श्याचा काजूचा डोंगर तारेच्या नावावर झाला. दोन बस बदलून ती तिथे जाते. हंगामात दर आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा, झाडाखालचं रान काढायला. एका वर्षी मी तिच्यासोबत गेले होते. मला वाटलं होतं, ही तिथे जाऊन रडत असेल. कसलं काय! डोंगरावर पोचल्या पोचल्या तिने पदर खोचला, समोरच्या टेकडीवर बोंडू वेचणाऱ्या बायकांना बघितलं आणि अशी हाक मारली की माझ्या हातातली पिशवी पडली. तिकडून उत्तर आलं. मग दिवसभर हे इकडून ते तिकडून. कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या झाडाला कीड लागली, सगळं ओरडून. मी तारेचा खरा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. माझ्यापेक्षा मोठा आहे. मला म्हणाली, "बाय, हंय बोललां तर आयकतत."

मोपाला विमानतळ झालं आणि इकडच्या दगडालाही भाव आला. दिल्लीकडची एक पार्टी, म्हणजे जमिनी घेणारा एक माणूस, डोंगर बघून गेली. बंगले बांधायचे, पोहायचा तलाव बांधायचा. कृष्णनाथने तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. शब्द काय, याच्याकडे खंडीने! आपल्या गोव्यात नवरा-बायको दोघांच्या सहीशिवाय जमीन विकता येत नाही, हे त्याला माहीत होतं. मी विचारलं, "तारेला विचारलंस?"

"म्हणजे काय? तीन दिवस समजावन सांगितलंय. तिची कायएक हरकत नाय. आसती तर बोलली नसती?"

आता त्या तीन दिवसांत काय झालं ते मी सांगते, कारण मी बघितलंय. पहिल्या दिवशी तो डोंगर विकण्याचे फायदे सांगत जेवायला बसला. तारेने त्याच्यापुढे ताट पालथं ठेवलं. तो म्हणाला, "धुवक विसारलंस?" आणि स्वतः उलटून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने फाटकाच्या पिशवीला सात गाठी मारल्या. पदेराने मला येऊन विचारलं, त्या घरात कोणी गेलं काय? कृष्णा म्हणाला, आज पाव कसा आला नाही, या पदेरांना हल्ली माज आलाय. तिसऱ्या दिवशी तिने आईचा कोयता, ज्याने त्या म्हातारीने जन्मभर तिथलं रान काढलं तो, घासून लख्ख केला आणि बाल्कावातल्या त्याच्या खुर्चीवर नेऊन ठेवला. तो आला, कोयता उचलला, खाली ठेवला, वर बसला आणि म्हणाला, "कोण गो हंय कोयतो ठेवता? लागलो आसतो माका."

गाढवापुढे वाचली गीता! गाढव निदान कान तरी हलवतं.

सोमवारी डिचोलीच्या रजिस्ट्रारकडे सह्या ठरल्या. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, राखणदाराची वार्षिक राखण. कृष्णनाथने ठरवलं, आधी राखणदाराला सांगायचं, मग सही करायची. पार्टीलाही बोलावलं. शनिवारी विहिरीवर तारा माझ्याजवळ आली. तिने कळशी भरली, कठड्यावर ठेवली, उचलली नाही.

"बाय, उद्या राखणदारासमोर व्हय झाला, तर मी सोमवारी सही करतलंय."

मी चिडले. "वेडी आहेस? तुझा डोंगर, तुझी सही. नको तर नको म्हण!"

"राखणदाराकडे वाड्यान दिलेलो शब्द मी मोडूचंय नाय. माझ्या आवशीन कधी मोडूक नाय."

"मग आज सांग त्याला. आत्ता जाऊन सांग. एवढं तोंड उघड एकदाचं!"

"तेका?" तारा म्हणाली. "कधी?"

मी तिलाही खूप बोलले त्या दिवशी. म्हटलं, हट्टी आहेस, नऊ वर्षं मुकेपणाचं सोंग घेतलंस, त्याने काय साधलं? ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "पयलो व्हय तुझो आसता, बाय." आणि कळशी कमरेवर घेऊन गेली. मी तिथेच उभी राहिले. त्या चैत्रातल्या दुपारी भिंतीपलीकडे मीच मूग गिळून बसले होते, हे तिला माहीत होतं. नऊ वर्षांत तिने एकदाही काढलं नव्हतं.

रविवारी सकाळी आंब्याखाली वाडा जमला. तीस-पस्तीस माणसं, पुढे बायका खाली बसलेल्या, मागे पुरुष. या वर्षी नवीन थाट, कृष्णनाथने माइक आणि कर्णा आणवला होता. राखणदार चार हातांवर, त्याला कर्णा कशाला? पार्टी पांढरा सदरा घालून हात जोडून एका बाजूला उभी. बिचाऱ्याला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण नम्र होता, उगाच का बोलू.

कृष्णनाथ चौथऱ्यावर चढला. घसा खाकरला.

"बा राखणदारा, वाड्याच्या धन्या, सालाबादप्रमाणां आज तुझी लेकरां तुझ्या पायांकडे जमली असत."

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं, वाड्याने म्हटलं.

"गोड-आंबट जा काय ठेवलां, ता मानून घे. चुकला-माकला पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

मग एकेकाचं सुरू झालं. कोणाचा गुडघा, कोणाची बदली. त्याने नेहमीप्रमाणे प्रत्येकात आपलं तिखटमीठ घातलं, आम्ही नेहमीप्रमाणे व्हय म्हटलं. माझं लक्ष तारेकडे. ती पहिल्या रांगेत बसली होती, समोर पाण्याने भरलेला तांब्या.

"आणि आता, बा राखणदारा," कृष्णनाथचा आवाज चढला, "तुझां लेकरू कृष्णनाथ आणि तेची बायल तारा, दोघांच्याय मनान, लाटंबार्श्याचो काजींचो डोंगर उद्या दुसऱ्याच्या हातात दितत. ह्या कामात खंयची आडकाठी येवक दिव नको."

तारेने पुढे वाकून तांब्या उचलला आणि सगळ्यांसमोर जमिनीवर पालथा घातला. पाणी मातीत गेलं. तिने हात मांडीवर घेतले आणि पाषाणाकडे बघत बसली.

कृष्णनाथ थांबला होता. व्हयसाठी. माझं तोंड उघडलं होतं, सवयीने. खरं सांगते, 'व्ह' ओठांवर आला होता. लहानपणापासूनचा हूं आहे तो, असा सुटत नाही. मी दात दातांवर दाबले.

वाडा माझ्याकडे बघत होता. मग तांब्याकडे. पदेरसुद्धा आला होता, तो मागे सायकल धरून उभा, त्याने मान खाली घातली. विनिताने पदर तोंडाला लावला. आंब्यावरचे कावळे तेवढे ओरडत होते.

"दितत!" कृष्णनाथ पुन्हा म्हणाला. "लाटंबार्श्याचो डोंगर!"

काही नाही.

त्याने माइकवर टिचकी मारली. "आवाज येता मां? अरे, कर्णो बंद पडलो काय बगा रे."

कर्णा चालू होता. ते त्याचं वाक्यही पार हायवेपर्यंत ऐकू गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं आणि तोंड मिटून बसले. मग त्या माणसाने काय करावं? माइक तोंडाशी धरला आणि स्वतःच म्हणाला, "व्हय म्हाराजा."

एकटा. कर्ण्यातून. त्याच्या मागे कोणी बोललं नाही. मला त्याची शरम वाटली, आणि एक क्षण, सख्खा आहे ना, कीवही आली. पण एकच क्षण.

पार्टी मात्र हुशार निघाली. त्याला आमची भाषा येत नव्हती, तरी त्याने तांब्या बघितला, बाईकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. नमस्कार केला, प्रसाद घेतला, 'मी फोन करतो' असं हिंदीतून सांगितलं आणि गाडीत बसला. दिल्लीचा माणूस, दहा मिनिटांत शिकला. त्याचा फोन यायचा नाही हे सगळ्यांना कळलं. एक सोडून.

घरी परतताना कृष्णनाथ माझ्या बाजूने चालत होता. बराच वेळ माइक, कर्णा, वाड्यातल्या लोकांचा मत्सर यावर बोलला. फाटकाशी आल्यावर थबकला.

"बाये, मी काय म्हणतंय, तारा आज बोलणा नाय. रागावली काय गो?"

आज! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"नऊ वर्षं झाली, कृष्णा," मी म्हटलं. "तिची आई गेली तेव्हापासून. तू गटारावर बोलत होतास."

तो घरात गेला. मी शिऱ्याचं ताट घेऊन मागोमाग गेले, ताट निमित्ताला. तारा चुलीपाशी होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"तारा," तो म्हणाला. "बाय म्हणता, नव वर्सां. खरां?"

आणि गप्प झाला. साठी उलटलेला माझा भाऊ, जन्मात पहिल्यांदा प्रश्न विचारून गप्प झाला. तारेने दवला खाली ठेवला. हात पदराला पुसले. वळून त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. तिने श्वास घेतला, ओठ उघडले. बोल गो बाई, मी मनात म्हणत होते, बोल.

"नाय, मी काय म्हणतंय," कृष्णनाथ म्हणाला, "तू सांगूक व्हयां होतां. माणसान मनातला बोलान दाखवक व्हयां. आता महिला दिनाक मी काय सांगितलंय?..."

तारेने ओठ मिटले. दवला उचलला, झाकणावर दोनदा वाजवला. जेवण वाढलं होतं.

सोमवारी, सह्या व्हायच्या त्या दिवशी, ती आईचा कोयता पिशवीत घालून पहिल्या बसने लाटंबार्श्याला गेली. मी माझ्या बाजूच्या बाल्कावात पाणी पीत बसले होते, कृष्णनाथ त्याच्या बाजूला. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होता की डोंगर विकायचं त्यानेच रद्द केलं. तारेच्या मनात नव्हतं. ती बोलली नाही, पण याला कळलं. याला तिच्या मनातलं न बोलता कळतं. लोक 'व्हय, व्हय' म्हणत पुढे जात होते.

मग तो माझ्याकडे वळला. "व्हय मां गो, बाये?"

मी उरलेलं पाणी अंगणात ओतलं आणि पेला कठड्यावर पालथा घातला.

"आणि पाणी व्हया तुका?" त्याने विचारलं, आणि पुढे बोलू लागला.